ट्रंकेची अकरा पानं

उमाला ज्यानं चार दिवस जाळलं ते प्रकरण अवघं अकरा पानांचं होतं. फुलस्केप कागद, निळी शाई, ऱ्हस्व-दीर्घ मनाला येईल तसं. लिहिणारी बाई सातवी पास. नाव अंजना. कऱ्हाडच्या अलीकडच्या एका खेड्यात राहणारी, नवरा लष्करात, घरी सव्वा एकर ऊस, दोन म्हशी आणि एक सासू. आणि वाचणारी उमा बी. ए., मराठी घेऊन, सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजातून. पहिला वर्ग अगदी थोडक्यात हुकलेला. हे ती कुणाला सांगत नसे, पण ते तिला आठवलं नाही असा एक दिवस जात नसे.

साताऱ्यात विष्णुपंतांचा लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि हौस म्हणून वर्षाकाठी तीन-चार पुस्तकं. विष्णुपंत उमाच्या वडिलांचे स्नेही, ती त्यांना काका म्हणे, त्यामुळे लग्न होऊन ती साताऱ्याला आली तेव्हापासून छापायची हस्तलिखितं तिच्याकडे येत. जेवणं आवरली, नवरा कचेरीत आणि मुलगी शाळेत गेली, की उमा मांडीवर पाट आडवा घेऊन बसे आणि तांबड्या पेन्सिलीनं लोकांची वाक्यं सरळ करी. बारा वर्षं हे चाललं होतं. तिच्या भातात कधी खडा लागत नसे, तसाच तिच्या हाताखालून गेलेल्या पुस्तकातही लागत नसे.

मध्ये एकदा तिनं स्वतः कादंबरी लिहिली. पाच वर्षं लागली. विष्णुपंतांनी ती दोन महिने ठेवून घेतली आणि एका संध्याकाळी स्वतः घरी आणून दिली. चहा घेतला, कपबशी हळूच खाली ठेवली आणि म्हणाले, "भाषा फार सुरेख आहे गं उमा. अगदी कडक इस्त्रीची." पुढं काही बोलले नाहीत. ती कादंबरी कपाटात पैठणीखाली गेली.

आणि आता चौऱ्याहत्तर सालच्या माघात हेच विष्णुपंत अंजनाचं बाड घेऊन आले ते चपला काढायच्या आधीच बोलत आले. "उमा, हे बघ. बाईला शुद्ध लिहिता येत नाही, पण तू वाच. मी काल जेवायचा राहिलो याच्यापायी."

काका जेवायचे कधी राहत नसत. उमाला पहिला चटका तिथं बसला.

तिनं वाचायला घेतलं ते खोडी काढायलाच. खोड्या पुष्कळ निघाल्या. लग्नाचं वर्णन लांबलं होतं, एक मामा मध्येच नाहीसा झाला होता, आणि गावच्या निवडणुकीचं नववं प्रकरण तर असं, की त्यात सगळे बोलतात आणि कुणी काही करत नाही. उमाचा जीव थंड होत चालला होता. पण त्याआधी पाचवं प्रकरण होतं.

पाचव्यात सुटीवर आलेल्या शिपायाची काळी ट्रंक उघडतात, एवढंच. किल्ली त्याच्या करदोट्याला. ती तो आईच्या हातात देतो. सासू सोप्यात ट्रंक उघडते, आणि सून आत चुलीपुढं भाकरी थापत नुसत्या आवाजावरून ओळखते, आता काय निघालं: हा बिस्किटांचा डबा, हे ब्लँकेट, ही बॅटरी. ब्लँकेट नणंदेला जातं, साबण जावेला जातो, हिची भाकरी तव्यावर करपते. वीस दिवसांनी ट्रंक भरायचं काम मात्र सुनेचं. ती घड्या घालते, डांबराच्या गोळ्या टाकते, आणि तिला त्या ट्रंकेचाच हेवा वाटतो, की ही मेली दरवेळी त्याच्यासंगं जाते.

उमाचं दूध उतू गेलं. शेगडी विझली, वास घरभर झाला, तेव्हा तिला कळलं. दूध पुसता पुसता तिच्या मनात आलं, हे मला का सुचलं नाही? मग आलं, की सुचलं असतं तरी मी 'मेली' लिहिलं नसतं. 'त्या निर्जीव वस्तूविषयीही तिच्या मनात असूया दाटून आली' असं काहीतरी लिहिलं असतं. हे उमगलं तेव्हा फडकं तिच्या हातात तसंच राहिलं.

त्या वर्षी कागद मिळणं रॉकेल मिळण्याइतकं अवघड झालं होतं. विष्णुपंतांनी सांगूनच ठेवलं होतं, "दहा-पंधरा पानं कमी कर. कुठली ते तू ठरव, मी बघत नाही." कुठली काढायची हे उमाला पहिल्या वाचनातच ठाऊक होतं. नववं प्रकरण आपण होऊन बाहेर जायला बसलं होतं. उमानं पाचवं काढलं. समासात बारीक, वळणदार अक्षरात लिहिलं, 'कथानक थांबते. वगळावे.' अकरा पानं सुटी करून कपाटात ठेवली, पैठणीखाली, आपल्या कादंबरीच्याही खाली. आणि उरलेला पहिला अर्धा भाग छापखान्यात पाठवून दिला. रागानं नाही, शांतपणे केलं सगळं, भाजी निवडावी तसं.

शांतपणा दोन दिवस टिकला. मग तिला ते बाडच डोळ्यांपुढं नको झालं. नेमकं तेव्हाच सांगलीहून धाकट्या भावाचं, चिंतामणचं कार्ड आलं. "ताई, नांद्रेकरबुवांची नाटक मंडळी येतेय. रविवारी दुपारी तीनला एक खेळ, सोमवारी संध्याकाळी दुसरा. तिकिटं काढतोय. ये."

संगीत नाटक म्हटलं की उमा माणसात राहत नसे. सांगलीत वाढलेली मुलगी ती. फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून नांद्रेकरबुवांना ऐकत आलेली. बुवांची कुठली तान कुठं वळते आणि प्रेक्षक कुठं 'वन्स मोअर' ओरडतात हे तिला मारुतिस्तोत्रासारखं पाठ होतं. साताऱ्यात तिचं सगळं चांगलं होतं, फक्त ते नव्हतं. तिनं कादंबरीचा दुसरा अर्धा भाग फडक्यात बांधला आणि नवऱ्याला सांगितलं, "चार दिवस मी या बाईचं तोंड बघणार नाही."

रविवारी सकाळी ती पिशवी घेऊन उंबऱ्यात आली, तर उंबऱ्याबाहेर एक बाई उभी. नऊवारी, हातात गुळाची ढेप, कपाळाला ठसठशीत कुंकू.

"उमाताई तुमीच का? मी अंजना. विष्णुपंतांनी पत्ता दिला. काल छापखान्यात आलते, मामाकडं मुक्काम केला. म्हटलं, एवढं लिवलेलं ज्यांनी वाचलं त्यांस्नी बघून तरी जावं."

उमा म्हणाली, "अहो, पण मी आत्ता सांगलीला निघाले."

"मग बरंच झालं की!" अंजना म्हणाली. "मला बी सांगलीवरनंच जायाचं हाय. कवठे महांकाळला भन दिलीय माझी. चला, संगंच जाऊ."

अशा रीतीनं ज्या बाईपासून चार दिवस सुटायला उमा निघाली होती, ती बाई एस.टी.त तिच्या शेजारी खिडकीपाशी बसली. खिडकी उमानंच दिली. नाही म्हणता आलं नाही.

गाडी नागठाण्यापर्यंत गेली नसेल तोवर अंजनाचं सुरू झालं. उमानं विचारलं म्हणूनच म्हणा. विचारल्यावाचून तिलाही राहवलं नाही. "लिहिता कधी तुम्ही? एवढं घरचं असताना?"

"पान्याची पाळी असती न्हवं? पाट बघत बांधावर बसायचं. पानी सरीतनं जाईस्तवर काय काम? तवा लिवते. सासू म्हणती, उसाचा हिशेब मांडती का काय सूनबाई! म्हटलं, व्हय आत्याबाई."

उमाला कादंबरी लिहायचं आपलं टेबल आठवलं. टेबलावर तिनं भरतकाम केलेलं कापड अंथरलं होतं, दौतीखाली ठेवायला बशी होती.

"ती म्हातारी बघा," अंजना हळूच म्हणाली. समोरच्या बाकावर एक म्हातारी होती. "तिकीट कसं मुठीत धरलंय. जसं काय कंडक्टर उतरताना परत मागून घील."

म्हातारीला उमानंही पाहिलं होतं. तिला दिसली होती फक्त म्हातारी.

"ताई, पानं काढायची म्हनत्यात ती काढलीसा का?"

"बघतेय," उमा म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहायला वळली. पण खिडकीत अंजनाच होती.

सांगलीला उतरेपर्यंत बारा वाजून गेले. चिंतामण स्टँडवर आला होता. मनानं फार चांगला माणूस, आणि चांगल्या माणसांना कुठं गप्प बसावं हे कळत नाही. "ताई, हिला तर कालपासून ताप आहे, ती येत नाही. तिचं आजचं तिकीट वाया जाणार." मग अंजनाकडं पाहून, "तुम्ही चला की आजच्या खेळाला! कवठ्याची गाडी संध्याकाळी मिळेल."

"मी?" अंजना म्हणाली. "मी तमाशा बघितलाय बाबा, जत्रंत. ह्ये नाटक कवा बघितलं न्हाई."

"मग तर चलाच," चिंतामण म्हणाला.

उमानं भावाकडं असं पाहिलं, की लहानपणी त्यानं तिची पाटी फोडली होती तेव्हाही तसं पाहिलं नसेल.

नाट्यगृहात बायकांच्या रांगा डाव्या हाताला. चिंतामण पुरुषांत गेला आणि उमाच्या शेजारी अंजना बसली, मांडीवर गुळाची ढेप तशीच. घंटा झाली. ऑर्गनचा पहिला सूर लागला आणि उमाचं सारं अंग सैल पडलं. धूपाचा वास, लाल मखमलीचा पडदा, जरीचे काठ पुढं घेऊन बसलेल्या ओळखीच्या बायका. कादंबरी, पैठणी, पेन्सिल, सगळं मागं राहिलं. बुवा राजाच्या वेशात आले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. पोट सुटलं होतं, गळ्याला सुरकुत्या होत्या, पण पहिला आलाप घेतला आणि उमा बारा वर्षांची झाली.

गोष्ट एका राजाची होती. तो शिकारीत वाट चुकतो आणि रानात त्याला सारथ्याखेरीज कुणी उरत नाही. सारथ्याचं काम नव्या नटाकडं होतं. हँडबिलात त्याचं नाव शेवटून दुसरं, जोतीराम एवढंच, आडनावसुद्धा नाही. पहिला अंक निम्मा झाल्यावर त्याला एक पद होतं. राजा एका खडकावर टेकून बसलाय आणि सारथी दमलेल्या घोड्यांना पाणी दाखवत गातोय, असा प्रसंग. घोडे नव्हतेच, नुसता हातात लगाम.

तो गायला लागला आणि नाट्यगृहात लोक पान चघळायचेही थांबले. आवाज पॉलिश केलेला नव्हता. भजनात बसून बसून कमावलेला, मोकळा, थोडा खरबरीत. पण तो घोड्यांना समजावत होता आणि खरंच घोडे पाणी पितायत असं वाटत होतं. शेवटच्या ओळीवर तो आला, तेव्हा उमाला मागच्या रांगेतून श्वास सोडल्याचा आवाज आला. आता टाळ्या. आता 'वन्स मोअर'. सांगलीचे प्रेक्षक पुढच्याच क्षणाला काय करणार हे तिला ठाऊक होतं.

तसं बुवांनाही ठाऊक होतं. सारथ्याचा सूर हवेत होता तोवरच ते खडकावरून उठले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सारथ्या, रथ जोड!"

लोकांचे हात वर उचललेले तसेच राहिले. कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" दुसरीकडून आलं, "वन्स मोअर!" ऑर्गनवाल्यानं पट्ट्यांवर बोटं ठेवली आणि बुवांकडं पाहिलं. बुवा दुप्पट आवाजात म्हणाले, "रथ जोड म्हणतो ना!" सारथ्यानं मान खाली घातली, लगाम गुंडाळला आणि तो आत गेला.

"वन्स मोर म्हंजी काय?" अंजनानं विचारलं.

"पुन्हा म्हणा. आवडलं की लोक ओरडतात आणि नट पुन्हा गातो. रीतच आहे."

"मग ह्ये काय वो ताई? त्या राजानं त्याचं गानं खाल्लं की!"

"तसं नाही," उमा म्हणाली. तिचे कान तापले होते. "सारखं गात बसलं तर कथानक थांबतं. नाटक पुढं जायला हवं."

बोलून झाल्यावर तिला आपलंच अक्षर दिसलं, बारीक आणि वळणदार.

"थांबूदे की," अंजना म्हणाली. "आमाला काय कुटं आग विझवायला जायाचं हाय? आन ह्यो म्हातारा तर सवता एवढं ग्वाड गातोय. त्यानं कशापायी जळायचं?"

उमा उत्तर देणार होती, पण मागच्या बाईनं "शू" केलं. बरं झालं.

दुसऱ्या अंकात बुवांचं गाजलेलं पद होतं. त्या पदासाठीच लोक येत. दरवेळी त्याला तीनदा 'वन्स मोअर' मिळे. एकदा तर, म्हणतात, पाचदा. बुवा पुढं आले, डोळे मिटले आणि गायले. चांगलं गायले. उमाला आत कुठंतरी दुखलं इतकं चांगलं गायले. पद संपलं.

नाट्यगृह गप्प राहिलं.

एक टाळी नाही. पुढच्या रांगांतले पंचे-उपरणी घेतलेले म्हातारे, ज्यांनी बुवांना मिसरूड फुटल्यापासून ऐकलं होतं, ते हाताची घडी घालून बसले होते. सांगली अशी शिक्षा करते हे उमानं वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं, पाहिलं आज. बुवांनी डोळे उघडले. एकदा उजवीकडं पाहिलं, एकदा डावीकडं. तोंडावरचा रंग घामानं फाटला होता. उमाला वाटलं, उठून जावं. तिच्याच अंगावर हे सगळे डोळे आहेत असं तिला झालं. ओरडावं असं मनात आलं, पण तोंड उघडेना.

तेवढ्यात तिच्या शेजारून, अगदी कानाशी, बांधावरून बांधावर हाक जावी तशी हाक गेली. "वन्स मोर!"

अंजना उभी राहिली होती. ढेप मांडीवरून घरंगळून खाली गेली. "वन्स मोर! म्हना की वो राजं, परत म्हना!"

आधी हसू फुटलं. बायका पदरात तोंड घालून हसल्या. मग पुरुषांतून कुणी एकानं टाळी वाजवली, मग दहांनी, मग सगळ्यांनी. बुवांनी बायकांच्या बाजूला हात जोडले आणि विंगेकडं जाऊन सारथ्याला हाताला धरून बाहेर आणलं. "आधी याचं राहिलंय," ते म्हणाले. जोतीराम पुन्हा गायला, घोड्यांचंच. त्यानंतर बुवा.

लोक डोळे पुसत होते. उमाही पुसत होती. आणि तरी तिच्या मनात जे आलं ते असं होतं: हिला हेही जमलं. मी तीस वर्षं बुवांना ऐकतेय, आणि त्यांना हात दिला तो हिनं, तासाभरापूर्वी शब्द शिकून. लिहिणं हिचं, बघणं हिचं, आणि मोठं मनही हिचंच. मला काय उरलं मग? समास?

नाटक सुटलं तेव्हा सात वाजून गेले होते आणि कवठ्याची गाडी निघून गेली होती. अंजना चिंतामणच्या घरी राहिली हे ओघानंच आलं. तिनं आल्या आल्या चिंतामणच्या बायकोच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग पदर खोचला आणि भाकरी टाकल्या. चिंतामण तीन भाकरी जेवला. एरवी दोन जेवतो.

जेवणानंतर दोघी बायका भांडी आवरत होत्या. अंजना राखेनं तवा घासत होती, उमा विसळत होती.

"ताई, एक बोलू का? पानं काढायची हायत ना, तर त्ये ट्रंकंचं काढा."

उमाच्या हातातलं पातेलं घागरीवर आपटलं. "का?"

"उगाच लिवलंय वो त्ये. ह्यांची सुटी संपली आन हे गेले, त्या दिवशी. रडत रडत लिवलं. त्यात काय घडतंय बी न्हाई. एक ट्रंक उघडत्यात आन झाकत्यात. निवडणुकीचं बघा कसं जंगी झालंय. त्येला मी लय मेहनत घेतलीया."

सगळं आपण होऊन चालत आलं होतं. आता नुसतं "बरं" म्हणायचं. पानं कपाटात आहेत ती तिथंच राहतील. विचारणारं कुणी नाही. लिहिणाऱ्या बाईचाच आग्रह, मग दोष कुणाचा? इतकं सोपं आयुष्यात तिच्या वाट्याला काही आलं नव्हतं.

आणि तिला भयंकर राग आला. उगाच? ज्याच्यापायी माझं दूध उतू गेलं, ज्याच्यावर मी चार दिवस जळले, जे आयुष्यात एकदा तरी माझ्या हातून व्हावं म्हणून मी टेबलावर कापड अंथरून पाच वर्षं बसले, ते उगाच? या बाईला आपल्याकडं काय आहे हे ठाऊकसुद्धा नाही! निदान जे मी चोरलं ते मोलाचं तरी आहे असं तिनं म्हणायचं होतं.

"गप्प बस," उमा म्हणाली. सकाळपासूनचं 'अहो-जाहो' गळून पडलं होतं. "काही कळतं का तुला? ते काढायचं नाही. निवडणूक काढायची. भिकार आहे ती निवडणूक."

अंजना तवा हातात घेऊन बघत राहिली. "भिकार?"

"सगळे नुसते बोलत बसतात. कुणी जागचं हलत नाही."

"आवं, निवडणुकीत तसंच असतंय."

"असू दे. पुस्तकात नको."

अंजनानं राखेची चिमूट घेऊन तवा आणखी एकदा घासला. मग हळूच म्हणाली, "पर ताई, ट्रंकंचं तुमाला खरंच बरं वाटलं?"

उमानं पातेलं उपडं घातलं. एक पाणी घालून पुन्हा विसळलं. "हो," ती म्हणाली. हा एक शब्द बोलायला तिला आख्खे चार दिवस लागले होते, आणि बोलताना तो गोड लागला नाही.

मग तिला वार आठवला. छापखान्यात चौथं प्रकरण शनिवारीच जुळत आलं होतं. उद्या सोमवार, उद्या सहावं हाती घेणार आणि मंगळवारी ती पानं छापणार. विष्णुपंतांकडं छपाईचे खिळे, ती शिशाची अक्षरं, मोजकेच. पानं छापून झाली की तेच खिळे सोडवून पुढच्या पानांना लावायचे. एकदा छापलं की मधे अकरा पानं घालायला जागा राहत नाही. आणि ती अकरा पानं तर कपाटात. किल्ली तिच्या कमरेला.

"चिंतू," तिनं बाहेर हाक मारली, "साताऱ्याची पहिली गाडी कितीला?"

"पावणेसहाला. का गं? उद्याचा खेळ?"

उद्याच्या खेळात बुवा फकिराचं काम करत. ते बघायला उमा आठ वर्षं थांबली होती. "माझं काम निघालंय," ती म्हणाली.

"मग तुझं तिकीट?"

अंजना तवा पुसत होती. नाही म्हटलं तरी तिचे कान इकडंच होते.

"दे तिला," उमा म्हणाली. "बहीण एक दिवस थांबेल."

सोमवारी साडेदहाला उमा छापखान्यात उभी होती, घरून येताना कपाट उघडून, अंगात प्रवासाचंच पातळ. विष्णुपंतांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, तू सांगलीला ना?"

"काका, पाचवं प्रकरण राहिलंय. हे घ्या. सहावं थांबवा."

"सहाव्याची तीन पानं जुळली सकाळपासून! पानांचे आकडे टाकून झाले. आणि इथं समासात तूच लिहिलंयस की, वगळावे म्हणून."

"चुकलं माझं."

"तुझं?" विष्णुपंत म्हणाले. "बारा वर्षांत तुझं चुकलेलं मी पाहिलं नाही."

"या वेळी चुकलं. नववं काढा, ते याच्याहून मोठं आहे, कागद उलट वाचेल." पुढं आणखी काही सांगावं असं तिला वाटलं, पण काका तिच्या तोंडाकडं पाहत होते आणि ती छताकडं. विष्णुपंतांनी अकरा पानं घेतली आणि काही न विचारता खिळे जुळवणाऱ्या केरबाच्या पुढं नेऊन ठेवली. "केरबा, ती तीन पानं बाजूला ठेव. आधी हे."

केरबा करवादला. मग पान टेकवून एकेक खिळा उचलू लागला. टक, टक, टक. अशा हाताचा माणूस, की काय जुळवतोय ते वाचत नाही. औषधाची जाहिरात असो की आरती, त्याला सारखंच. उमा स्टुलावर बसली, पहिला कच्चा छाप आला की इथंच तपासून द्यायचा म्हणून.

अर्ध्या तासानं टकटक थांबली. केरबानं हातातला खिळा तसाच चिमटीत धरला होता आणि पान तोंडाजवळ नेऊन वाचत होता. ओठ हलत होते. मग तो स्वतःशीच हसला. "साबन जावेला दिला का म्हातारीनं!" तो म्हणाला. "आमच्यात बी अस्संच हाय बगा, बाई. माझा भाऊ पलटनीत हाय."

उमाच्या स्वतःच्या कविता मागं एका दिवाळी अंकात आल्या होत्या. त्याचे खिळे याच केरबानं जुळवले होते. त्यानं मान वर केल्याचं तिला आठवत नव्हतं.

"केरबा, हात चालवा," उमा म्हणाली आणि तांबड्या पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.